छावणीतला अल्पायुषी पक्ष

१८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली जो तळ दिला तो पुन्हा हालला नाही, आणि डेरे-राहुट्यांच्या जागी वाडे उभे राहून त्या तळाचेच ‘लष्कर’ हे शहर झाले. त्यातील ‘शिंदे की छावनी’ या मोहल्ल्याच्या नावात मात्र, हिंदी मुलखाने ज्यांना ‘सिंधिया’ केले त्या घराण्याचे मूळ मराठी आडनाव आजही जसेच्या तसे लोकांच्या तोंडी आहे. याच मोहल्ल्यात, कमलसिंगाच्या बागेजवळ, एका शिक्षकाच्या घरी अटलबिहारी वाजपेयी वाढले, आणि तरीही १९८४ साली ग्वाल्हेरने आपल्या या सुपुत्राला बाजूस सारून माधवराव शिंद्यांना लोकसभेत धाडले. दरबार बरखास्त झाला तरी महाराजांविषयीची रयतेची ममता बरखास्त झाली नव्हती, हे ध्यानात घेतल्यावाचून १९९६ च्या प्रकरणाचा उलगडा होत नाही.

त्या वर्षाच्या आरंभी हवाला प्रकरणात नाव गोवले गेल्याने माधवरावांनी केंद्रीय मंत्रिपद सोडले, आणि काँग्रेसने उमेदवारीही नाकारली, तेव्हा त्यांनी ‘मध्य प्रदेश विकास काँग्रेस’ हा पक्ष स्थापिला. नव्या नावातही ‘काँग्रेस’ हा शब्द त्यांनी राखला, यातच मला त्या पक्षाचे सारे भवितव्य दिसते. घर सोडताना माणसाने किल्ली कनवटीला लावून ठेवावी, तसे ते होते. मातोश्री विजयाराजे यांचा बाणा निराळा होता: १९६७ साली छत्तीस काँग्रेसी आमदार फुटले आणि द्वारकाप्रसाद मिश्रांचे सरकार कोसळले, त्यामागे राजमातांचे बळ उभे होते, आणि त्यानंतर त्या काँग्रेसच्या उंबऱ्यावर कधीच परतल्या नाहीत.

मतदारांनी नव्या पक्षाची सनद तपासली नाही. माधवराव मोठ्या मताधिक्याने निवडून आले, आणि दिल्लीत त्यांचा चिमुकला पक्ष देवेगौडांच्या संयुक्त आघाडीत सामील झाला. पुढे नरसिंह रावांच्या जागी सीताराम केसरी काँग्रेसचे अध्यक्ष झाले, आणि अल्पावधीतच विकास काँग्रेस मूळ प्रवाहात विरून गेली. तिचे आयुष्य क्षणिक ठरले याची हळहळ वाटते ती एवढ्याचसाठी, की एकट्या, पक्षाने टाकलेल्या माधवरावांना ग्वाल्हेरने जे भरभरून दिले, ते परतलेल्या माधवरावांना दिले नाही: १९९८ साली जयभानसिंग पवैयांशी झालेली लढत इतकी निकराची ठरली की पुढच्याच वर्षी त्यांनी ग्वाल्हेर सोडून गुना मतदारसंघातून अर्ज भरला.