राखीव जागा आणि मुस्लिम स्त्री

कायदेमंडळात स्त्रियांसाठी राखीव जागा ही अलीकडची कल्पना आहे, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. प्रत्यक्षात १९३५ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतिक विधानसभांत स्त्रियांसाठी ४१ जागा राखल्या होत्या. त्यांपैकी १० मुस्लिम स्त्रियांच्या होत्या. मुंबई प्रांताला सहा मिळाल्या. त्यांतली एक मुस्लिम स्त्रीची.

याबाबत स्त्रियांतच दोन मते होती. १९३० च्या गोलमेज परिषदेत बेगम जहाँआरा शाहनवाज आणि राधाबाई सुब्बरायन यांनी काही काळापुरत्या राखीव जागांची बाजू घेतली. १९३१ मध्ये प्रमुख महिला संघटनांनी मात्र प्रौढ मताधिकार द्या, राखीव जागा नकोत, असे कळवले. पुढे संविधान सभेत हंसाबेन मेहता आणि रेणुका राय यांनीही सवलत नाकारली. बेगम ऐजाज रसूल यांनी तर अल्पसंख्याकांच्या राखीव जागांनाही विरोध केला.

या निर्धाराचा आम्हाला आदर वाटतो. पण बेगमसाहेबा तालुकदार घराण्यातल्या होत्या. १९३७ साली त्या बिनराखीव जागेवरून निवडून आल्या होत्या. बागवानाच्या, तांबोळ्याच्या लेकीला तशी वाट कुठे मोकळी होती?

ती वाट थोडी उघडली ती १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने. स्थानिक संस्थांत एकतृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. १९९४ मध्ये राज्याने इतर मागासवर्गीयांसाठीही २७ टक्के जागा ठेवल्या. बागवान, तांबोळी, मोमीन या जमाती त्या यादीत असल्याने आपल्या भगिनींना पालिकेचे दार उघडले.

संसदेत हे विधेयक १९९६ मध्ये प्रथम आले आणि मंजूर झाले थेट सप्टेंबर २०२३ मध्ये. लोकसभेत बाजूने ४५४ मते पडली, विरोधात दोन. ते दोघे असदुद्दीन ओवैसी आणि तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील. अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांना कायद्यात वाटा आहे, इतर मागास आणि मुस्लिम स्त्रियांना नाही, हा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप रास्त आहे. जी बागवान भगिनी मागासवर्गीय स्त्रीच्या जागेवर नगरसेविका होते, तिला विधानसभेसाठी हा कायदा तशी जागा देत नाही.

पण एक प्रश्न आपण स्वतःलाही विचारला पाहिजे. पोटआरक्षण मागणारे आपले पुढारी खुल्या जागांवर किती भगिनींना उमेदवारी देतात? कायद्याकडे वाटा मागताना घरातला वाटा अडवून चालणार नाही.