कर्ण्यापासून घरच्या माइकपर्यंत



गेल्या दोन महिन्यांत मला तीन जणांनी एकच प्रश्न विचारला. घरी बसून गाणं रेकॉर्ड करायचं आहे, पहिला माइक कोणता घेऊ? एक बडोद्याच्या भजनी मंडळातल्या बाई, दुसरा हैदराबादचा कॉलेजातला मुलगा, आणि तिसरे माझेच जुने सहकारी. ते मेसमध्ये गायचे आणि आम्ही ऐकायचं टाळायचो. ते असो.

मी नोकरी केली सिग्नल्समध्ये आणि निवृत्तीनंतर स्थायिक झालो महूला. त्यामुळे माइक या वस्तूशी माझा संबंध गाण्यातून नाही, तारा आणि वायरलेसमधून आला. तरीही सांगतो, या प्रश्नाचं उत्तर किमतीच्या यादीत शोधू नका. प्रत्येक जातीचा माइक कुणाची तरी एक अडचण सोडवायला जन्माला आला आहे. आपली अडचण कोणती, एवढं कळलं की अर्धं काम झालं. मला ते उशिरा कळलं.

माझी थोरली बहीण, आक्का, इंदूरला असते. वय अठ्ठ्याहत्तर. आमच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या आता फक्त तिच्याच तोंडी आहेत. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, ते काम मोठंच. पण आमची आई लग्नानंतर माळव्यात आली, तिच्या ओव्या टिपायला कोण येणार? मग मीच जायचं ठरवलं. दुकानदार म्हणाला, "सर, स्टुडिओत हाच वापरतात," आणि मी मोठ्या पडद्याचा एक चकचकीत कंडेन्सर माइक घेतला. आक्काच्या बैठकीच्या खोलीत, तिच्यापासून दोन फुटांवर, स्टँडवर ठेवला. मे महिना होता, पंखा बंद करा म्हणायचा मला धीर झाला नाही. आक्का दोन तास गायली. चाळीसच्या वर ओव्या झाल्या. घरी येऊन ऐकलं तर पंख्याची घरघर, कुकरच्या तीन शिट्ट्या, खालच्या रस्त्यावरचे रिक्षाचे हॉर्न, आणि या सगळ्यांच्या मागे कुठेतरी आक्का.

असं का झालं, ते समजायला थोडं मागे जाऊ.

माइक आधी टेलिफोनसाठी झाला. १८७७-७८ च्या सुमारास एडिसन, बर्लिनर आणि ह्यूज हे तिघेही याच खटपटीत होते. त्यातून आला कार्बनचा माइक. पातळ पडद्यामागे कोळशाचे कण. आवाजाने पडदा हलला की कण दाबले जातात, सैल होतात, आणि तारेतली वीज त्याप्रमाणे कमीजास्त होते. आमच्या फील्ड टेलिफोनमध्ये शंभर वर्षांनंतरही हेच तंत्र होतं. दमट हवेत कण चिकटून बसत, आवाज घोगरा येई, मग हँडसेट तळहातावर दोनदा आपटायचा की गाडी सुरू. बोलणं कळायला हा माइक उत्तम. पण सतत खरखर, आणि सुरातल्या बारकाव्यांची वाट.

म्हणूनच एक गंमत झाली. माइकचा शोध लागून पंचवीस वर्षं झाली होती, तरी नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात फ्रेड गेसबर्गने गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं ते माइकशिवाय. समोर फक्त कर्णा. कर्ण्याच्या अरुंद टोकाला पडदा, पडद्याला सुई, सुईखाली मेण. वीज कुठेच नाही. गाणाऱ्याच्या फुप्फुसातल्या जोरानेच मेण कोरलं जायचं. हळू गायलं तर सुई हलेना, जोरात गायलं तर ती उसळे. तीन मिनिटांच्या आसपास सगळं आटपायचं, आणि शेवटी गौहर जान इंग्रजीत स्वतःचं नावही सांगायच्या. त्या काळी आपल्या संगीत नाटकांतही नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वतःच्या बळावर जावा लागे. बालगंधर्वांची पिढी त्याच तालमीत तयार झाली. नाजूक, म्हातारा, घरगुती आवाज टिपणारं यंत्रच तेव्हा नव्हतं. आक्काची आजी त्या कर्ण्यासमोर बसली असती तर मेणावर ओरखडासुद्धा उमटला नसता.

हे बदललं ते ई. सी. वेंट या अमेरिकन इंजिनिअरमुळे. त्याने १९१६ मध्ये कंडेन्सर माइक बनवला. अत्यंत पातळ, ताणलेला धातूचा पडदा, त्याच्या मागे केसभर अंतरावर दुसरी पट्टी, दोन्हींमध्ये विजेचा भार. हवेच्या जराशा हालचालीनेही पडदा थरथरतो. १९२५ पासून अमेरिकेत व्यापारी रेकॉर्ड विजेच्या साहाय्याने होऊ लागल्या आणि गाण्याची रीतच बदलली. ओरडायची गरज संपली, कानाशी बोलल्यासारखं गाता येऊ लागलं. तिकडे बिंग क्रॉस्बी, इकडे कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये सैगल. सैगलचा तो दबका, जवळचा आवाज कर्ण्याच्या जमान्यात कुणाला ऐकूच आला नसता. माझ्या मते आपल्या सुगम संगीताची खरी सुरुवात इथे आहे, पण संगीतातले जाणकार यावर माझ्याशी भांडतील.

पण हा संवेदनशील पडदा चालतो शांत खोलीत. स्टुडिओच्या भिंती जाड, त्यांवर गाद्या लावलेल्या, दार बंद. ती खोली हा त्या माइकचाच भाग समजा. मी माइक घेतला आणि खोली दुकानातच राहिली.

गोंगाटात काम करणाऱ्यांची अडचण वेगळी होती. रणगाड्यात तर माइक गळ्याला बांधत, कंठाची थरथर थेट घ्यायला. इंजिनचा आवाज त्यात फारसा येत नसे, पण शब्दही अर्धेच कळत. १९३९ मध्ये शूअर कंपनीतल्या बेंजामिन बाऊअर या तरुण इंजिनिअरने चांगला तोडगा काढला. पडद्याला बारीक तारेचं वेटोळं चिकटवलेलं, ते चुंबकात हलतं आणि वीज निर्माण होते, याला डायनॅमिक माइक म्हणतात. बाऊअरने त्याच्या मागच्या बाजूला अशा वाटा ठेवल्या की मागून येणारा आवाज पडद्याच्या दोन्ही अंगांना एकाच वेळी पोचावा आणि रद्द व्हावा. समोरचं ऐकायचं, मागचं सोडायचं. वरून पाहिलं तर त्याच्या ऐकण्याचा आकार बदामासारखा, म्हणून कार्डिऑइड. त्याच वंशात १९६६ मध्ये एसएम५८ आला. जाळीचा गोळा डोक्यावर असलेला तो माइक, तुम्ही हजार वेळा पाहिलेला. नावातलं 'एसएम' म्हणजे स्टुडिओ मायक्रोफोन, पण नाव काढलं ते रंगमंचावर.

खरं तर यातली निम्मी करामत अंतराची आहे. तोंड एक फुटावरून तीन इंचांवर आणलं तर आवाज बारा डेसिबलने वाढतो. पंखा मात्र होता तिथेच राहतो, तेवढाच ऐकू येतो. कंडेन्सर जवळ घेतला तरी हा फायदा मिळतो, पण तो श्वास, कवळीची टकटक आणि खोलीतला घुमारा जास्त स्पष्टपणे दाखवतो.

तेव्हा त्या बाईंना मी विचारलं, घर कसं आहे? म्हणाल्या, मुख्य रस्त्यावर तिसरा मजला. मग पहिला माइक कार्डिऑइड डायनॅमिकच घ्या. हैदराबादचा मुलगा वसतिगृहात राहतो, त्यालाही तेच. सोबत एक साधा इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज वाढवून लॅपटॉपला देणारी डबी. ते जमत नसेल तर थेट यूएसबीने लागणारा डायनॅमिक माइकही मिळतो. मात्र डायनॅमिकचा आवाज मुळात क्षीण असतो, हळू गाणाऱ्याला डबी बरीच वाढवावी लागते आणि स्वस्तातली डबी मग सूंऽऽ करू लागते. दुकानातच आवाज वाढवून, हेडफोन लावून ऐका, मगच पैसे द्या. तोंडापुढे चार बोटांचं अंतर, आणि 'प', 'फ', 'भ' चे फटकारे अडवायला जाळीचा पॉप फिल्टर. कंडेन्सर हवाच असेल तर इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण दाबायला विसरू नका, त्याशिवाय बहुतेक कंडेन्सर मुकेच राहतात. माझ्या जुन्या सहकाऱ्यांचा बंगला गावाबाहेर आहे, खोलीत पुस्तकांची कपाटं आहेत. त्यांना कंडेन्सर शोभेल. ऐकणाऱ्यांचं मला सांगता येत नाही.

आक्काकडे मी दुसऱ्यांदा गेलो ते पुढच्या जानेवारीत. तीन हजारांच्या आतला डायनॅमिक माइक, मागे दोरीवर दोन गोधड्या, पंख्याचा प्रश्नच नव्हता. आवाज स्वच्छ आला. फक्त आता आक्काला बावीसच ओव्या आठवल्या. मधेच थांबून म्हणाली, "अरे, मागच्या वेळी मी म्हटल्या ना सगळ्या, त्यातून घे की."

तर आता संध्याकाळी हेडफोन लावून मी ती मे महिन्यातली फाइल ऐकतो आणि पंख्याच्या खालून एकेक शब्द उतरवून वहीत लिहितो. अकरा ओव्या निघाल्या. एक ओवी कुकरच्या दुसऱ्या शिट्टीखाली गेली आहे. तिचा शेवटचा शब्द काय, ते विचारायला येत्या रविवारी इंदूरला जातो आहे.