शनवार तेली

कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत तेल्यांची ओळख त्यांच्या सुट्टीच्या वारावरून होई. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, शनिवारी बंद ठेवणारे ते शनवार तेली. हे दुसरे तेली ज्यू; त्यांचे नाव बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरे. परंपरा सांगते की, नवगावजवळ जहाज फुटले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले. हिब्रू विसरली गेली. मुलांची सुंता, शनिवारचा विसावा, खवल्यांचीच मासळी आणि ‘शमा’ ही एक प्रार्थना एवढे मात्र पिढ्यानपिढ्या टिकले.

बाकी सारे कोकणाने दिले. रोह्याचे ते रोहेकर, पेणचे ते पेणकर. नवरीच्या गळ्यात मंगळसूत्र आले. शेजाऱ्यांप्रमाणे गोमांस आणि विधवाविवाहही वर्ज्य ठरले. सणांची नावे तर थेट मराठी स्वयंपाकघरातली: ज्यू नववर्ष तो नव्याचा सण, जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन तो बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी जेवणात वालाचे बिरडे असे. मलिदा हा विधी यांचा खास. ताटात गूळखोबरे कालवलेले पोहे, त्यावर फळे, आणि नवस प्रेषित एलियाहू हन्नबीला. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावरच्या खुणा म्हणजे त्याच्या रथाच्या चाकोऱ्या, अशी श्रद्धा आहे.

कोचीनच्या ज्यूंशी संबंध वाढल्यावर विसरलेले विधी परत आले. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत मांडवीला या समाजाचे पहिले प्रार्थनास्थळ (सिनेगॉग) बांधले. पुढे बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तने होऊ लागली. धर्माचे ज्ञान वाढले म्हणून मराठीपण कमी झाले नाही, ही या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट.

खरी कसोटी लागली ती परक्यांत नव्हे, स्वकीयांत. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. तिथल्या धर्मपीठाने लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला. शतकानुशतके शनिवारी घाणा न फिरवणाऱ्यांकडे आता ज्यूपणाचा पुरावा मागितला गेला, आणि हा अन्यायच होता. कोकणात शेजाऱ्यांनी तो कधी मागितला नव्हता. आंदोलने झाली, बायकामुलांसह लोक जेरुसलेमला धरणे धरून बसले. अखेर १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. लोद, रामला, दिमोना इथल्या घरांत आजही लग्नाआधी मेंदी लागते आणि मलिद्याचे ताट मांडले जाते.