परसबागेची परिभाषा : मुकुंदवाडीच्या निमित्ताने एक ऐतिहासिक विचार

प्रस्तुत लेखाचा विषय परसबाग हा आहे. परंतु वनस्पतिशास्त्राच्या अंगाने नव्हे. घरामागील दोन-चार वाफ्यांत भाजीपाला लावणाऱ्या माणसांनी ऋतूगणिक एकमेकांस काय विचारले, काय सांगितले आणि कोणत्या अडचणीवर कोणता उपाय सुचविला, याचा इतिहास लिहिता येईल काय, हा येथील प्रश्न होय. शेतावर सारा बसे, म्हणून शेताची नोंद झाली. राजाच्या बागेवर खजिन्यातून खर्च होई, म्हणून तिचीही नोंद झाली. परसातील दोडक्याच्या वेलाची नोंद ठेवण्याचे कोणास कारण नव्हते. तथापि दप्तर नाही म्हणून पुरावाच नाही, असे होत नाही. हा पुरावा भाषेत साठलेला आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. स्थलनाम व स्थल

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचे औरंगाबाद, या शहराच्या पूर्वभागी जालना रस्त्यालगत मुकुंदवाडी आहे. या नामातील 'वाडी' हा शब्द संस्कृत 'वाटी', 'वाटिका' या शब्दांपासून आला. त्यांचा अर्थ कुंपण घातलेली जागा, बाग असा होतो. कोकणात नारळी-पोफळीची वाडी म्हणताना हा जुना अर्थ अद्याप जिवंत आहे. गुजरातीतही तो आहे. देशावर मात्र 'वाडी' म्हणजे लहान वस्ती. बंगालीत याच शब्दकुलातील 'बाडी' म्हणजे घर. यावरून मुकुंदवाडी प्रथम एखादी बाग होती असे अनुमान काढणे अर्थातच चुकीचे ठरेल. एवढेच म्हणता येते की, घर, कुंपण आणि लागवड या तीन कल्पना आपल्या भाषांनी मुळात एकमेकींपासून वेगळ्या केल्या नव्हत्या.

गेल्या अर्धशतकात त्या वेगळ्या झाल्या. चिकलठाण्यास औद्योगिक वसाहत झाली, १९७०च्या दशकात सिडकोने नवे शहर वसविण्यास आरंभ केला, १९८२ साली महानगरपालिका स्थापन झाली आणि मुकुंदवाडीचे खेडेपण शहराने वेढले. आखलेल्या भूखंडावरील घरास गच्ची असते, परस नसतो.

२. शब्दांचे थर

'परस' म्हणजे घरामागील मोकळी जागा. 'परसाकडे जाणे' हा वाक्प्रचार ती जागा कशाकशास उपयोगी पडे हे स्पष्टपणे सांगतो. घरातील राख, शेण, केरकचरा व मोरीचे सांडपाणी तेथेच जाई. आणि त्या पाण्यावर केळ, अळू व कर्दळ वाढे. हा शब्द देशी. त्यास जोडलेला 'बाग' हा शब्द फारसी. 'कलम' हा मुळात अरबी शब्द; त्याने लेखणीही दाखविली जाते आणि झाडाचे कलमही. फळबागांत रूढ असलेले 'मृग बहार' व 'हस्त बहार' हे शब्द तर अर्धे संस्कृत, अर्धे फारसी आहेत. जेथे मलिक अंबरने १६१० साली खडकी वसविली, जेथे १६६०च्या सुमारास बीबी का मकबऱ्याभोवती चारबाग पुरी झाली आणि जेथे हिमायत बाग आज कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र म्हणून उभी आहे, त्या परिसरात असे संकर घडावेत यात नवल नाही. राजबागेत काम करणारा माळी संध्याकाळी आपल्या घरी परतत असे, आणि बरोबर शब्दही आणीत असे, असे मानावयास हरकत नाही.

पेरूचे उदाहरण अधिक बोलके आहे. हे फळ अमेरिकेतून आले. 'पेरू' हे नाव पोर्तुगीज भाषेतून किनाऱ्यावर उतरले व वर चढले. मराठवाड्यात मात्र त्यास 'जाम' किंवा 'जांब' असेही म्हणतात. दखनीत व तेलुगूतही तत्सदृश शब्द आहेत. हे नाव 'जंबू' या जुन्या फळनामाशी नाते सांगणारे दिसते. म्हणजे किनाऱ्याने परक्या फळाबरोबर परके नाव घेतले, तर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या या मुलखाने ओळखीच्या फळाचे नाव त्यास दिले. बी आणि सल्ला ज्या वाटेने आला, तिची खूण नावात राहिली.

३. सावता माळ्याची मिरची

तोंडी परंपरेतून मिळालेला पुरावा कसा वाचावा, यासाठी मराठवाड्याबाहेरील एक उदाहरण घेणे इष्ट होईल. अरणचे संत सावता माळी १२९५ साली समाधिस्थ झाले. त्यांच्या नावावर असलेल्या एका सुप्रसिद्ध अभंगात मळ्यातील भाज्यांमध्ये मिरची येते. परंतु मिरची भारतात आली ती पोर्तुगिजांबरोबर, सोळाव्या शतकात. तिचे नाव 'मिरी'वरून पडले हे खरे. पण येथे मिरीच अभिप्रेत असावी असे म्हणावे, तर मिरीचा वेल सोलापूरकडील कोरड्या हवेत मळ्यात वाढणारा नव्हे. तेव्हा एकच समाधानकारक उलगडा उरतो. अभंग गाणाऱ्यांनी आपल्या डोळ्यांसमोरचा मळा त्यात आणला. पाठचिकित्सकास हा दोष वाटेल. आमच्या दृष्टीने तो पुरावा आहे. नवे पीक मळ्यात इतके रुळले की ते पूर्वी नव्हते याचेही विस्मरण झाले.

४. ऋतू, वाफसा आणि रोग

परसातील कालगणना नक्षत्रांची. सूर्य ७ जूनच्या सुमारास मृगात, २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्तात जातो. ही गणना निरयन असल्याने दर ७२ वर्षांत सुमारे एक दिवस पुढे सरकते. सावता माळ्यांच्या काळापासून मृग ऋतूच्या मानाने सुमारे दहा दिवस उशिरा लागू लागला आहे. तरी शब्द टिकला. कारण 'मृगात भोपळा लाव' हा सल्ला केवळ पंचांगाचा नसतो. पाऊस पडला, ओल खोल गेली, वाफसा आला, हे त्यात गृहीत असते.

'वाफसा' हा तर या परिभाषेचा मानबिंदू होय. पाणी निचरून गेले, ओल आहे, पण चिखल नाही. माती हातात घेतली तर मोकळी होते आणि मुळांस हवा मिळते, अशी अवस्था. काळ्या मातीत चिखल आणि ढेकूळ यांच्यामधला हा काळ थोडाच असतो, म्हणून त्यास स्वतंत्र नाव मिळाले. सुभाष पाळेकरांनी आपल्या शेतीपद्धतीच्या चार आधारांत वाफसा घेतला आणि हा मराठी शब्द त्या पद्धतीबरोबर अन्य भाषांतही गेला.

या परिभाषेची मर्यादाही सांगितली पाहिजे. मावा, भुरी, तांबेरा ही नावे डोळ्यांस दिसणाऱ्या खुणांवरून पडली. मिरचीची पाने आकसली की तो 'बोकड्या' किंवा 'चुरडामुरडा'. पण पाने फुलकिड्यांमुळे आकसतात, कोळ्यांमुळे आकसतात आणि पांढरी माशी पसरवीत असलेल्या विषाणूमुळेही आकसतात. नाव एक, कारणे तीन; म्हणून एका परसात लागू पडलेला उपाय शेजारच्या परसात फुकट जातो. जेथे विचारणारा व सांगणारा दोघेही तेच झाड पाहत उभे असतात, तेथे ही उणीव भरून निघते. पान उलटून पाहिले की शब्दात नसलेले डोळ्यांस दिसते.

५. कुंपण नाहीसे झाल्यावर

येथेच आजचा प्रश्न उभा राहतो. परसाच्या कुंपणावरून चालणारा संवाद दूरवर न्यावयाचा, तर वर्णन अधिक काटेकोर करावे लागते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापूरचे गणिताचे अध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या द्वारे हेच साधले. प्रत्येकाने आपल्या जागेत प्रयोग करावा, मोजावे आणि दुसऱ्यास कळवावे. दहा गुंठ्यांत कुटुंबाच्या गरजा भागविण्याचा त्यांचा विचार परसाच्या जुन्या कल्पनेस मोजमापाची जोड देणारा होता.

मुकुंदवाडीसारख्या वस्तीत आज लागवड होते ती गच्चीवरील कुंड्यांत, डब्यांत व पिशव्यांत. आणि रोगट पानाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून पाठवून सल्ला विचारला जातो. कुंडीस आळे करावे लागत नाही, तेव्हा 'आळे' हा शब्द मागे पडेल. परंतु कुंडीतही पाणी साचते व मुळे कुजतात. तेव्हा 'वाफसा' हा शब्द तेथे पूर्वीइतकाच उपयोगी आहे. 'रोज पाणी घाला' या सूचनेपेक्षा तो अधिक अचूक आहे, आणि जेथे नळाचे पाणी कित्येक वर्षे दिवसांच्या अंतराने येत आले, तेथे तो काटकसरीचाही आहे.

ज्यांनी परस आणि गच्ची या दोहोंवर लागवड केली, अशी एकच पिढी आपल्यामध्ये आहे. कोणता शब्द कुंडीत आला, कोणता परसातच राहिला आणि कोणाचा अर्थ बदलला, हे तिलाच विचारता येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी शब्दसंग्रह करताना नुसते नाम टिपू नये. कोणी, कोणास, कोणत्या नक्षत्रात, कोणत्या अडचणीवर ते सांगितले, हेही टिपावे. शब्दकोशात शब्द सापडतो. सल्ला सापडत नाही. आणि परसबागेचा इतिहास हा मुख्यतः सल्ल्यांचा इतिहास आहे.