गरम मुठीची कुळकथा

स्वीडन-फिनलंडकडे लाकूडतोडीचा मोठा हंगाम हिवाळ्यातला. जमीन गोठून टणक झालेली असते, दलदलीवरूनही अवजड यंत्रं नेता येतात, ओंडके ओढताना चाकं रुतत नाहीत. पारा उणे वीसपर्यंत उतरला तरी काम चालूच. तिथल्या चेनसॉला मागच्या मुठीपाशी एक बारकं बटण असतं. ते दाबलं की दोन्ही मुठी गरम होतात. हुस्कवार्ना कंपनीच्या मॉडेलच्या नावाला शेवटी ‘जी’ किंवा श्टील कंपनीच्या मॉडेलला ‘डब्ल्यू’ जोडलेला दिसला, तर ती करवत गरम मुठीची, असं समजायचं.

ऐकणाऱ्याला हे चोचले वाटतील. पण या बटणाची कुळकथा दगडाच्या खाणीपासून सुरू होते आणि तिच्यात बरेच हात निकामी झालेले आहेत.

थंडीत बोटं पांढरीफटक पडण्याच्या विकाराचं वर्णन फ्रेंच डॉक्टर मोरिस रेनो यांनी 1862 मध्ये आपल्या प्रबंधात केलं होतं. अवजाराशी त्याचा संबंध नंतर कळला. हवेच्या दाबावर चालणारे हातोडे खाणींत आले आणि 1911 मध्ये जोव्हान्नी लोरिगा यांनी इटलीतल्या दगडकामगारांच्या हातांतला हा त्रास नोंदवला. 1918 च्या हिवाळ्यात अमेरिकेत ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टरबाई इंडियाना राज्यातल्या बेडफर्ड गावी गेल्या. तिथे चुनखडीचा दगड घडवणाऱ्या ज्या कामगारांना त्यांनी तपासलं, त्यांतल्या दहापैकी जवळजवळ नऊ जणांची बोटं ‘मरत’ होती. छिन्नी धरणाऱ्या हाताला त्रास जास्त, आणि तोही थंडीच्या सकाळी. थरथर आणि गारठा ही जोडगोळी त्यांनी तेव्हाच नेमकी पकडली होती. एवढं लिहून ठेवलेलं असताना जंगलवाल्यांनी ते वाचलं नाही, हे मला या सगळ्या कथेत सगळ्यात खटकतं.

जंगलात यंत्र आलं ते आधी दोघांनी उचलायचं. आंद्रेआस श्टील यांची 1926 ची विजेवर चालणारी करवत अशीच जड होती. 1950 मध्ये त्यांच्याच कारखान्याने एकट्याने चालवायची पेट्रोल करवत काढली, तिचं वजन 16 किलो. कुऱ्हाड आणि हातकरवत मागे पडली, काम कितीतरी पटींनी वाढलं, आणि माणूस दिवसभर मशीन हातात धरून राहू लागला. मिनिटाला नऊ हजार फेरे घेणारं इंजिन म्हणजे सेकंदाला दीडशे हादरे. इंजिन आणि मूठ एकाच धातूच्या सांगाड्याला घट्ट जोडलेली, त्यामुळे ते सगळे हादरे थेट तळहातात.

पाच-दहा वर्षांत बोटं बोलू लागली. गंमत अशी, की बोटं पांढरी पडण्याचा झटका बहुधा करवत चालवताना येत नाही. येतो तो सकाळी कामावर निघताना, मोटरसायकलचं हँडल धरल्यावर, गार पाण्यात हात घातल्यावर. टोकापासून बोट पांढरं होत जातं आणि पांढऱ्याची सीमा रेघ ओढावी तशी स्पष्ट दिसते. त्या बोटाला टाचणी टोचली तरी कळत नाही, सदऱ्याचं बटण लागत नाही. मग बोट निळं पडतं, लाल होतं, आणि रक्त परत येताना ठणका लागतो. जपानमध्ये या रोगाला ‘हाकुरोब्यो’ म्हणजे पांढऱ्या मेणाचा रोग म्हणतात. 1965 मध्ये तिथल्या एनएचके वाहिनीने मेणासारखी ही बोटं देशाला दाखवली आणि सरकारी जंगलांतल्या कामगारांचं दुखणं चव्हाट्यावर आलं. पुढे तिथे चेनसॉ दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त हाती धरायची नाही असं बंधन आलं.

उपाय आधी हादऱ्यांवर झाला. इंजिन-साखळी एका बाजूला, मुठी दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये रबरी ठोकळे किंवा स्प्रिंगा. 1960 च्या दशकाच्या मध्यापासून अशा करवती येऊ लागल्या. 1969 मध्ये हुस्कवार्नानेही 180 हे मॉडेल याच सोयीसह काढलं.

ऊब त्यानंतर. गारठ्यात शरीर आतली ऊब वाचवायला बोटांच्या रक्तवाहिन्या आवळतं. हादऱ्यांनी दुखावलेल्या वाहिन्या जरा जास्तच आवळतात. शिवाय हात गारठला की माणूस मूठ अधिक घट्ट धरतो, आणि पकड जितकी घट्ट तितके हादरे हातात जास्त शिरतात. जाड हातमोजे घातले तर पकड आणखी आवळावी लागते. म्हणून ऊब मुठीतूनच द्यायची. काही जुन्या करवतींत इंजिनाचा गरम धूर पोकळ हँडलातून फिरवलेला असे. आता फ्लायव्हीलपाशी छोटं जनित्र असतं, तिथून वायरी निघून पुढच्या नळीसारख्या मुठीत आणि मागच्या मुठीत बसवलेल्या तापणाऱ्या पट्ट्यांना जातात. पेट्रोल थोडं जास्त जळतं, एवढंच. ओले हातमोजेही मुठीवर वाळतात. बर्फात काम करणाऱ्याला विचाराल तर त्याला हेच जास्त महत्त्वाचं वाटेल.

फिनलंडमधल्या जंगल कामगारांची 1972 ते 1990 अशी पाहणी झाली. त्या काळात तिथल्या करवतींचे हादरे 14 वरून 2 मीटर प्रति सेकंद वर्ग इतके खाली आले, आणि बोटं पांढरी पडणाऱ्यांचं प्रमाण 40 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर. यातलं मुख्य श्रेय हादरे कमी करणाऱ्या रबराला. गरम मुठीने झटके टाळायला हातभार लावला. नुसती मूठ तापवून रोग बरा होत नाही, हे विकत घेणाऱ्यानेही लक्षात ठेवावं. अंग कोरडं आणि गरम ठेवणं, मधूनमधून करवत खाली ठेवणं आणि विडी-सिगारेट सोडणं हेही लागतंच, कारण निकोटीन त्याच वाहिन्या आवळतं.

आपल्याकडे उकाड्यात बोटं सहसा पांढरी पडत नाहीत. मुंग्या मात्र येतात, बधिरपणा येतो, हातातून पेला निसटतो. रस्ता फोडणारा ब्रेकर चालवणाऱ्याने किंवा दिवसभर चेनसॉने फांद्या उतरवणाऱ्याने अशी तक्रार केली, तर मुकादमाने ‘सवय होईल’ म्हणून ती उडवून लावू नये. त्याला दुसऱ्या कामावर घालावं आणि डॉक्टरकडे पाठवावं.