बाबांची लेन्स आणि २८.५ मिलिमीटर

परवा शनिवारी माळा आवरताना बाबांची निकॉनची जुनी ५० एमएम लेन्स सापडली. डोळे अधू झाल्यापासून त्यांनी कॅमेरा हातात धरला नव्हता. म्हटलं, माझ्या सोनीवर लावून बघू. अडॅप्टर चढवला, बटण दाबलं... ढिम्म! कॅमेऱ्याच्या मते लेन्सच नव्हती. मेनूत 'रिलीज विदाउट लेन्स' चालू केलं, फोकस पीकिंग लावलं, स्टेबिलायझेशनसाठी ५० हा आकडा हाताने भरला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

'फुल फ्रेम'चं ३६ × २४ मिमी हे माप मुळात सिनेमाचं. वेट्झलरच्या लाइट्झ कंपनीत ऑस्कर बारनाकने १९१३-१४ च्या सुमारास सिनेफिल्मची चौकट दुप्पट केली. १९२५ साली लायका बाजारात आला. त्यात आरसा नव्हताच बरं का! आरसा आला एसएलआरबरोबर. त्याला हलायला जागा हवी, म्हणून निकॉनच्या १९५९ च्या एफ माउंटमध्ये लेन्स फिल्मपासून ४६.५ मिमी दूर बसते. सोनीच्या ई माउंटमध्ये (२०१०) आरसाच नाही, त्यामुळे अंतर फक्त १८. २०१३ च्या ए७ मध्ये त्याच माउंटमागे फुल फ्रेम सेन्सर बसला. उरलेल्या २८.५ मिमीत माझा अडॅप्टर! (सोनीची लेन्स निकॉनच्या एसएलआरवर मात्र नीट चालायची नाही. जागाच नाही ना.)

असो. कॅमेरा बाबांकडे दिला. पीकिंगच्या लाल कडा त्यांना दिसल्या, रिंग त्यांनी स्वतःच फिरवली. आईचा फोटो काढला.

"फोकस कानावर गेलाय," म्हणाले, आणि दुसरा काढला.