हत्ती गेला, शेपूट राहिलं

कोकणातला माणूस पाणी बघायला डोंगर चढून गेला, असं कुणी सांगितलं तर तुम्ही त्याला आधी गूळपाणी द्याल आणि मग जरा आडवं व्हायला सांगाल. आमच्या रत्नागिरीत पाण्याला तोटा नाही. पुढच्या दारी समुद्र, मागच्या दारी विहीर आणि जूनपासून चार महिने डोक्यावर पागोळ्या. तरीसुद्धा 1978 सालच्या ऑक्टोबरात, दुसऱ्या शनिवारची सुट्टी साधून, आम्ही चार संसारी माणसं पाठीवर पिशव्या टाकून तळं बघायला सह्याद्री चढलो.

कल्पना ड्रॉइंग मास्तरांची. त्यांनी कुठल्याशा कॅलेंडरवर स्वित्झर्लंडचं चित्र पाहिलं होतं. निळं तळं, मागे डोंगर आणि काठावर पाठपिशवीवाला एक लालबुंद माणूस. "असं आपल्याकडे का नाही?" असं त्यांनी आम्हाला विचारलं. जणू आम्हीच लपवून ठेवलं होतं.

"त्याला बर्फ लागतो," वकीलसाहेब म्हणाले. वकीलसाहेबांना फी न घेता बोलायची हौस. "हिमनद्या डोंगर कोरतात, खळगे पडतात, त्यांत पाणी साठतं. आपला सह्याद्री लाव्ह्याचा. त्याला कोरायला बर्फ आलाच नाही. आपल्याकडे डोंगरात तळं हवं तर बांधावं लागतं. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव 1842 सालचा, भंडारदऱ्याचं धरण 1926 सालचं. मुळशीचं तर टाटांनी बांधलं. ते होऊ नये म्हणून सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तरी झालंच."

"मग बांधलेलं बघू," मास्तर म्हणाले. आणि कोयनेचा शिवसागर ठरला. तो आहे सातारा जिल्ह्यात, पण आमच्या खेड तालुक्यातल्या चोरवण्याहून डोंगर चढला की पलीकडे दिसतो. औषधाच्या दुकानाचे मालक भाऊ चौथे म्हणून आले. बरोबर टिंक्चर आयोडिनची अख्खी बाटली घेऊन!

हवेचा प्रश्न आमच्या अण्णांनी सोडवला. अण्णा म्हणजे माझे काका. वेधशाळा त्यांच्या मांडीवर पंचांगाच्या रूपात कायम उघडी असते. "हस्त संपलं दहा तारखेला. हत्ती गेला! छत्रीसुद्धा नेऊ नका." खात्रीसाठी मी रेडिओ लावला. आदल्याच वर्षी, 1977 साली, रत्नागिरीला स्वतःचं आकाशवाणी केंद्र मिळालं होतं, त्यामुळे आता पाऊस तरी आपल्या गावचा कळेल असा आमचा समज होता. बातमी आली, तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता. हे तुरळक ठिकाण मी आयुष्यभर शोधत आलो आहे. नकाशात ते सापडत नाही. पण घरातून छत्री न घेता निघालो की आपण बरोबर तिथेच जाऊन पोचतो.

पाठपिशव्या म्हणजे मास्तरांची लष्करी लिलावातली हॅवरसॅक आणि आमची तिघांची शाळकरी दप्तरं. सौ.ने माझ्या पिशवीत थालीपिठं, मेतकूट, कोकमाचं आगळ, गोधडी आणि मफलर भरला. उरलेल्या जागेत काय न्यायचं ते माझं मी ठरवावं म्हणाली. उरलेल्या जागेत काडेपेटी मावली.

एसटीत वकीलसाहेबांनी इतिहास काढला. रत्नागिरी जिल्ह्यातून त्या डोंगरावर गेलेले आम्ही काही पहिलेच हौशी नव्हतो. आमच्याआधी राजापूरचे इंग्रज गेले होते. 1660 साली महाराज पन्हाळ्यावर अडकले असताना या वखारवाल्यांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली, तीही आपलं निशाण फडकवून. महाराजांनी हिशेब लक्षात ठेवला. पुढच्याच वर्षी राजापूरवर स्वारी केली, वखार खणून काढली आणि साहेबलोकांना पकडून नेलं. त्यांच्या कैदेतला एक मुक्काम होता वासोटा. हा किल्ला महाराजांनी 1660 सालीच घेतला होता. म्हणजे खोली नुकतीच ताब्यात आली होती आणि पाहुणेही लगेच मिळाले. सुटकेला 1663 साल उजाडलं. शनिवार-रविवारची सहल इतकी लांबल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकण्यात नाही.

चोरवण्यात आम्हाला वाटाड्या मिळाला. साठीचा, बारीक चणीचा, खांद्यावर घोंगडी. सगळे त्याला बाबा म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. त्याने एकदा आभाळाकडे आणि एकदा आमच्याकडे पाहिलं. आभाळाबद्दल तो म्हणाला, "येल." आमच्याबद्दल काहीच बोलला नाही.

ऑक्टोबरातला कोकणातला दिवस लहरी सासऱ्यासारखा असतो. सकाळी जावईबापू, जावईबापू; दुपारी कपाळावर आठ्या; संध्याकाळी गडगडाट. परतीचा पाऊस समुद्राकडून येत नाही, घाटमाथ्याकडून येतो. दिवसभर उन्हाने तापवायचं आणि तिसऱ्या प्रहरी पूर्वेकडून ढग आणून ओतायचे, ही त्याची रीत. आम्ही चढत होतो पूर्वेलाच. म्हणजे त्याला आमच्यापर्यंत यायचीसुद्धा तसदी नव्हती. कडा अर्धा चढलो तोवर घामाने भिजलो होतो. उरलेल्या अर्ध्यात पावसाने भिजलो. त्यामुळे कोरडं राहण्याची चिंता लवकर मिटली.

रात्र नागेश्वराच्या गुहेत काढली. इथे पिंडीवर वरच्या कातळातून थेंब थेंब पाणी ठिबकतं. शिवरात्रीला माणसांची रीघ लागते. त्या रात्री देव, आम्ही आणि जळवा. भाऊंनी सगळ्यांच्या पोटऱ्यांना टिंक्चर लावलं. जळवा गेल्या, आग राहिली. "अण्णा म्हणाले होते, हत्ती गेला," मी कुरकुरलो. "गेला की," वकीलसाहेब मफलर पिळत म्हणाले, "पण शेपूट राहिलं."

रविवारी पहाटे आकाश धुतल्या ताटासारखं स्वच्छ. रान तुडवत वासोटा गाठला. अकराशे मीटरांहून उंच हा किल्ला, आणि सगळा इतिहास तुरुंगाचा नाही तर हट्टाचा. पेशवाईच्या अखेरच्या दिवसांत ताई तेलिणीने पंतप्रतिनिधींच्या बाजूने तो लढवला. सेनापती बापू गोखल्यांना तिने कित्येक महिने दाद दिली नाही. लोकांनी त्यावर गाणं रचलं, त्यात सेनापतींची लाज राखलेली नाही. 1818 च्या एप्रिलमध्ये जनरल प्रिट्झलरने शेजारच्या जुन्या वासोट्यावरून तोफा डागल्या आणि किल्ला पडला. आत साताऱ्याच्या छत्रपतींच्या घरातली माणसं होती आणि हंटर व मॉरिसन नावाचे दोन गोरे कैदी. दीडशे वर्षांनीसुद्धा साहेबांचा मुक्काम तोच!

तटावरून पूर्वेला पाहिलं आणि मास्तर गप्प झाले. मास्तर गप्प झाल्याची ही एकमेव ऐतिहासिक नोंद. खाली तळं पसरलं होतं. डोंगरांच्या बोटांमधून लांबवर शिरलेलं, पावसाळा नुकताच संपल्याने काठोकाठ भरलेलं. कॅलेंडरवाला स्वित्झर्लंड त्याच्यापुढे फिका. 

"काय बाबा, कसं आहे आमचं तळं?" मास्तरांनी विचारलं. इतक्यात ते आमचं झालं होतं.

"माज्या भैनीचं घर हाय तिथं," बाबा म्हणाला.

"कुठे?" मास्तर डोळ्यांवर हात धरून काठ शोधू लागले.

"काठाला न्हाय. पान्याखाली."

मग त्याने सांगितलं. बहीण खोऱ्यात दिलेली. चोरवण्यात आणि खोऱ्यात सोयरिकी होत. मध्ये डोंगर असला तरी तो काही परका नव्हता. दर दिवाळीला हा भाऊबीजेला डोंगर चढून पलीकडे उतरायचा. पाऊस असो, गवा आडवा येवो, एक वर्ष चुकलं नाही. मग धरण आलं. हेळवाकजवळ 103 मीटर उंचीची भिंत उभी राहिली, 1964 साली पुरी झाली. खोऱ्यातली शंभरएक गावं उठली. बहिणीच्या गावाला सोलापूर जिल्ह्यात जमीन दाखवली. जिथे बारा महिने हिरवं तिथली माणसं, पावसासाठी आभाळाकडे बघणाऱ्या मुलखात गेली.

त्या दिवशी उतरून आम्ही तळ्याकाठी मेट इंदवलीत मुक्काम केला. पाण्यात पाय सोडून बसायचं ठरलं होतं, पण मी पायरीवरच बसलो. कुणाच्या माजघरात पाय सोडायचे, ते कळेना. संध्याकाळी शेपटाने पुन्हा तडाखा दिला. देवळात चूल पेटवून बसलो असताना बाबाने घोंगडीच्या घडीतून पोस्टकार्ड काढलं आणि वकीलसाहेबांपुढे धरलं.

"लिवा. भाऊबीजंला औंदा जमत न्हाय. पाऊस लय हाय."

वकीलसाहेबांनी पेन उघडलं आणि थांबले. भाऊबीज पुढे वीसेक दिवसांवर होती. आज पडतोय तो पाऊस तोवर कशाला थांबतोय? आणि ज्याला आयुष्यात पावसाने अडवलं नाही, त्याला आता अडवत होता तो एसटीचा सोलापूरपर्यंतचा तिकिटाचा आकडा. फी घेऊन वकीलसाहेबांनी पुष्कळ खोटं लिहिलं असेल. हे त्यांनी फी न घेता, सुवाच्य अक्षरात लिहिलं.

या तळ्याचं पाणी जातं कुठे ते सांगायला हवं. मुळात कोयना कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राला जाणारी. तिचं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने आमच्या बाजूला वळवलं, आणि 1962 पासून ते चिपळूण तालुक्यात पोफळीला उतरताना वीज तयार करतं, मग वाशिष्ठीतून अरबी समुद्रात जातं. म्हणजे जे बघायला आम्ही डोंगर चढलो ते पाणी आधीच आमच्याकडे येत होतं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे त्याच खोऱ्यात भूकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. 1985 साली तिथे अभयारण्य झालं. मेट इंदवलीही आता उठलेली. आज वासोट्याला जायचं तर बामणोलीहून लाँच, वनखात्याची परवानगी, आणि मुक्काम करायचा नाही. बरोबरच आहे. आमच्या गुडघ्यांनाही आता परवानगी मिळत नाही. पण 2018 साली पेपरात वाचलं, कोयनेचे धरणग्रस्त कोयनानगरला ठिय्या देऊन बसलेत, जमिनीसाठी. धरण होऊन चोपन्न वर्षं झाली होती. मला वकीलसाहेबांचं वाक्य आठवलं. हत्ती केव्हाच गेला, शेपूट राहिलं.

तर त्या सोमवारी खेडच्या स्टँडवर पोचलो तेव्हा आम्ही चौघे ओलेचिंब होतो. कार्ड टाकायचं काम माझ्याकडे होतं. दप्तरातून काढलं तर शाई फुटलेली, पत्ता कसाबसा वाचता येत होता. पोस्टात गेलो, नवीन कार्ड घेतलं आणि जुन्यावरून तसंच्या तसं उतरवलं. त्याच बाकावर बसून साहेबांना रजेचा अर्जही लिहिला, कारण सोमवार बुडाला होता. अतिवृष्टीमुळे वाहतूक बंद असल्याने, वगैरे. एकाच पेनाने एकाच पावसाचं दोनदा नाव घेतलं.

साहेबांनी अर्ज मंजूर केला. रजा पगारी धरली.